वाऱ्याचा फोन

माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. भट्टीवाल्याचा असायचाच, असं मी म्हणतो. बायको म्हणते, भट्टी निदान माल निघाल्यावर तरी निवते. चहा गार मिळाला तरी आवाज चढवणारा माणूस मी. असा मी परवाच्या बैठकीत तोंडातून ब्र न काढता बसून राहिलो, आणि तेही माझी सख्खी मोठी बहीण समोर एकटी उभी असताना. तेव्हापासून घरात कुणाच्या नजरेला नजर देववत नाही.

आमचं गाव कौलांचं. नदीच्या अलीकडे आमच्या भट्ट्या, पलीकडे त्यांच्या, आणि मधोमध सरहद्द. पूल आहे, पुलावर चौकी आहे, पण धुराला काय अडवणार? हिवाळ्यात धुकं खाली बसलं की आमचा धूर त्यांच्या घरात आणि त्यांचा आमच्या. वर्षानुवर्षं दोन्ही गावं एकमेकांच्या नावानं बोटं मोडत आली. शेवटी दोन्हीकडच्या साहेबांची मिळून एक समिती बसली आणि तिनं सरळ हिशेब घातला. वारा आमच्याकडून तिकडे असेल त्या दिवशी आम्ही आच खाली ठेवायची, तिकडून इकडे असेल त्या दिवशी त्यांनी. नदीच्या कडेकडेनं आडवा वाहत असेल तर दोघांनीही खुशाल जाळावं. हे नीट निभावलं तर पुढे दोन्ही गावांना मिळून विजेच्या भट्ट्या मिळणार होत्या. त्यांच्या माळावर सोलर, आमच्या टेकडीवर पवनचक्क्या, वीज दोघांची.

वारा दाखवणारा खांब आमच्या टेकडीवर लावला आणि हवा मोजायचं मशीन त्यांच्या शाळेच्या गच्चीवर. हे मुद्दाम असं वाटून दिलं होतं. म्हणजे वारा कुठला हे त्यांनी आमच्या तोंडून ऐकायचं आणि हवा किती बिघडली हे आम्ही त्यांच्या. साहेब लोकांच्या डोक्यातून कधी नव्हे ती एक बरी गोष्ट निघाली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

खांबाचं काम ताईकडे आलं. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच, त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. टेकडीवर एक पत्र्याची खोली, त्यात टेबल, फोन आणि वरच्या पंख्याची दिशा दाखवणारा काटा. रोज दुपारी ती काटा बघायची आणि दोन फोन करायची. एक आमच्या भट्टीवाल्यांच्या ऑफिसात, दुसरा पलीकडे मशीन सांभाळणाऱ्या बाईंना. त्या बाईही ताईच्याच वयाच्या, त्यांच्या मुलाचीही कौलांचीच भट्टी. दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणायच्या.

"काय विहीणबाई, आज कुणाकडे पाहुणा?" पलीकडून आवाज यायचा. पाहुणा म्हणजे वारा.

"आज तुमच्याकडे यायला निघालाय. पण घाबरू नका, आमच्या लोकांना आच उतरवायला सांगितलीय."

मी एकदा तिथं बसलो होतो तेव्हा म्हणालो, "ना पोरगी तुझी, ना पोरगा तिचा, आणि विहिणी कसल्या होता?" तर ताई म्हणाली, "एकमेकींच्या घरातली उणीदुणी माहीत असूनही गोड बोलतो, म्हणून." दोघी समोरासमोर भेटल्या असतील त्या फक्त बैठकीला. पण रोज बोलायच्या.

आता भट्टीचं म्हणाल तर, ती एकदा लावली की माल पक्का होईपर्यंत आच सोडता येत नाही. मध्येच उतरवली की आतली कौलं तडकतात, नाहीतर कच्ची राहतात. कच्चं कौल पहिल्याच पावसाळ्यात मातीला मिळतं. म्हणून वारा बघून भट्टी लावायची. पण वाऱ्याला कोण बांधून ठेवणार? या हिवाळ्यात माझी नवी भट्टी सुरू झाली. वडिलांच्या जुन्या भट्टीतून हौसेनं बाहेर पडून मी स्वतः उभी केलेली. पहिला माल भरला, अर्ध्यावर आला आणि ताईचा फोन आला, आच खाली. सगळा माल गेला. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. लोक हसायला लागले. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "बहीणच भावाची भट्टी विझवते, आपण कशाला नजर लावायची?" मीही हसलो, पण आतून जळफळत होतो.

तिसऱ्यांदा माल भरला तेव्हा भट्टीवरची माणसंही कुजबुजत होती की हाही गेला तर मालक दुसरीकडे नोकरी धरणार. खोटं नव्हतं ते. मी बायकोला तसं बोललोही होतो. आच पूर्ण चढली आणि सकाळपासून धुक्यानं गाव गिळलं. खाली पानही हलत नव्हतं. वरचा वारा कुठला ते टेकडीवरच्या पंख्यालाच नीट कळणार. मी धापा टाकत टेकडी चढलो.

ताई टेबलापाशी बसून डबा खात होती. मी आत शिरलो तो बोलतच.

"आज काय सांगणार आहेस?"

"अजून वेळ आहे. बस, दोन घास खा."

"खायला नाही आलो. आज पुन्हा आच उतरवली तर भट्टीला कुलूप लावून येतो, एवढंच सांगायला आलो."

"वारा माझ्या हातात आहे का रे?"

"फोन तर तुझ्या हातात आहे ना."

बोललो आणि माझं मलाच कसंसं झालं. पण एकदा तोंड सुटलं की मी थांबणाऱ्यातला नाही. म्हणालो, "त्या पलीकडच्या बाईची तुला जेवढी काळजी, तेवढी भावाची असती तर बरं झालं असतं. जग म्हणतं तुझी ताई सत्यवादी. असेल. सत्यवादी माणसाच्या घरच्यांनी काय खायचं?"

ताईनं डबा बंद केला. "खोटं सांगायला आलायस का मला?" तिनं विचारलं.

"मी काही सांगायला आलो नाही. तुला काय करायचं ते कर."

हे मात्र मी नीट लक्षात ठेवून बोललो. खोटं सांग, असं मी म्हटलं नाही. एवढा शहाणपणा होता माझ्यात. तिनं मला चांगलं झापलं, तोंड सांभाळून बोल म्हणाली, आणि दार दाखवलं. मी तणतणत उतरलो.

दुपारी ऑफिसातून निरोप आला. वारा आडवा आहे, जाळा खुशाल.

मी आनंदानं ओरडलोच. माणसांना चहा पाजला, लाकूड सारायला लावलं, ज्यांनी टपरीवर टोमणे मारले त्यांना मुद्दाम बोलावून आणलं. उरलेला दिवस मी भट्टीच्या तोंडाशी उभा होतो, जाळाकडे बघत होतो, माणसांकडे बघत होतो. फक्त वर पाहिलं नाही. भट्टीवाला दर थोड्या वेळानं चिमणीकडे बघतो, ती सवयच असते, झोपेतही मान वर होते. धुकं दाट होतं तरी चिमणीच्या अगदी तोंडाशी धूर कुठे वळतो एवढं खालून दिसतं. त्या दिवशी मी मान वर केली नाही. का केली नाही, ते मला तेव्हाच माहीत होतं.

माल निघाला तो काय सांगू. कौलावर बोटाचं पेर वाजवलं की पक्कं कौल खणखणीत बोलतं. मी एकेक वाजवून बघितलं, एकही मुकं निघालं नाही. पहिलं कौल घेऊन टेकडीवर गेलो, ताईच्या टेबलावर ठेवलं. "बघ, वाऱ्यानं साथ दिली," म्हणालो. ती कौलाला हात न लावता म्हणाली, "छान झालं. घरी ने." मला वाटलं, अजून रुसलीय.

परवा बैठक झाली. पुलाच्या अलीकडच्या जुन्या मालगोदामात, लांब टेबल, दोन्हीकडचे भट्टीवाले समोरासमोर, मध्ये समितीचे साहेब. विषय दोन होते, विजेच्या भट्ट्या आणि पलीकडेही एक वाऱ्याचा खांब लावायचा का. साहेबांनी विचारताच पलीकडच्या विहीणबाई उठल्या. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"खांबाचं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी मला या गावाची माफी मागायची आहे."

आमच्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. माफी मागायला पलीकडून कुणी येईल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मागच्या धुक्यात एक दिवस वारा आडवा होता," त्या सांगू लागल्या. "तरी आमच्या मशीनवर हवा बिघडतच गेली, बिघडतच गेली. शाळेतली पोरं खोकून बेजार, घरी पाठवली. आधी मला वाटलं, पलीकडचा धूर असेल. पण विहीणबाईंनी आडवा म्हटलंय म्हणजे आडवाच. मग धूर आमचाच, आमच्याच कुठल्या तरी भट्टीत खोट आहे, असं मी धरून चालले. कुठली ते कळेना. म्हणून सगळ्यात आधी माझ्या मुलाची विझवायला लावली. माल अर्ध्यावर होता. तो पाया पडायचा बाकी राहिला होता. मी त्याला म्हटलं, त्या बाईनं स्वतःच्या भावाची भट्टी दोनदा विझवली, आणि मी तुझी एकदा विझवू शकत नाही का? मग बाकीच्यांनाही सांगितलं. सगळ्या विझल्या तरी हवा सुधारायला रात्र झाली. म्हणजे एवढा वेळ आमचा धूर कुठे कुठे पसरला असेल, तुमच्याही घरात आला असेल. तेव्हा माफ करा. आणि खांब आम्हाला नको. विहीणबाईंचा फोन आहे तोवर दुसऱ्या खांबाचं काय काम?"

त्यांचा मुलगा शेजारी बसला होता. माझ्याच वयाचा असेल. तो टेबलाकडे बघत होता. तडकलेली कौलं कशी दिसतात ते मला दोनदा बघून माहीत आहे. मी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती खुर्चीला धरून उठली.

"खांब लावा," ती म्हणाली. "तो धूर आमचा होता. वारा आडवा नव्हता. आमच्याकडून तुमच्याकडेच होता. मी खोटं सांगितलं."

विहीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ताईकडे नीट बघितलं, ओळख पटवत असल्यासारखं. मग हळूच खाली बसल्या.

साहेबांनी विचारलं, "का?"

"भावाची भट्टी चालू होती."

"त्यानं सांगितलं होतं असं करायला?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ताईनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली. "त्यानं नाही सांगितलं. त्याला यातलं काही माहीतही नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "खरं आहे का?"

बोलायचं होतं. टेकडीवर जाऊन काय बोललो ते सांगायचं होतं, दिवसभर मान वर केली नाही ते सांगायचं होतं. माझी जीभ, जी चहा गार झाला म्हणून घर डोक्यावर घेते, ती टाळ्याला चिकटली. समोर माझे लोक होते, नवी भट्टी होती, टपरीवरचे टोमणे होते. मी मान हलवली. खरं आहे, अशी.

पुढचं मी ऐकलं असं म्हणता येणार नाही. विजेच्या भट्ट्यांचा निर्णय पुढे ढकलला. पलीकडे खांब बसेपर्यंत दोन्ही गावांनी रोजच आच खाली ठेवायचं ठरलं. टेकडीच्या खोलीची किल्ली ताईनं टेबलावर ठेवली आणि ती बाहेर गेली. तिच्यामागे जायला मी उठलो नाही, कारण गेलो असतो तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

बाहेर आलो तेव्हा पलीकडची बस सुटायच्या बेतात होती. ताई गोदामाच्या पायरीवर बसली होती आणि विहीणबाई तिच्या शेजारी. मी लांबूनच सटकणार होतो, पण विहीणबाई उठल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. मी मनातल्या मनात तयारी केली. त्या शिव्या घालतील, टोमणा मारतील, आणि टोमणा मारला की मला उत्तर देता येतं, आयुष्यभर तेच केलंय.

"तुमचा माल कसा निघाला?" त्यांनी विचारलं.

एका भट्टीवाल्यानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं. आवाजात काही नव्हतं.

"चांगला निघाला," मी म्हणालो.

"सगळा?"

"सगळा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "निदान एका पोराचा तरी निघाला." आणि बसकडे चालू लागल्या.

त्यांचा मुलगा बसच्या दारात उभा होता. त्यानं हात देऊन आईला वर घेतलं. मागे ताई अजून पायरीवर होती. तिनं मला हाक मारली, लहानपणी मारायची त्याच नावानं, आणि म्हणाली, "चल घरी, तुझं जेवण राहिलंय."