पानामागची ऊ

"उपटून टाक ग्यानबा, आन् जवारी पेर. बोकड्या लागलाय ह्याला," किशनराव म्हणाले आणि पोखर्णीच्या वाटेला लागले. रान त्यांचे, ग्यानबाने ते बटईने केले होते.

ग्यानबाची बायको म्हाळसाबाई बांधावरच उभी होती. तिला कुणी काही विचारले नव्हते. विचारणार तरी काय? तिचा जन्म मेंढरांमागे गेलेला. पोलीस ॲक्शनच्या साली ग्यानबाचा पाय मोडला, तो धड सांधला नाही. फिरणे सुटले, मेंढरे विकली, पाच वर्षे पिंगळीत मजुरी करण्यात गेली. यंदा विहिरीकाठचा हा तुकडा मिळाला. त्यात मिरची लावायचा हट्ट तिचाच होता, आणि ऐन भादव्यात बोकड्या रोगाने रोपांची पाने चुरडून आत मुडपली होती.

ग्यानबाने खुरपे उचलले. तिने त्याला थांबवले, एका रोपापाशी बसली आणि लोकर पांगवून बघावी तसे पान उलटे केले. शिरेच्या कडेला काहीतरी हलले. पिवळट, सुईच्या टोकाएवढे.

"आवं, ऊ हाय ही. मेंढराला व्हती तशी."

"मंग?"

"मंग काय. मेंढराला काय करत व्हतो आपुन?"

मेंढरांना उवा झाल्या की ती तंबाखूच्या काड्या उकळून त्या पाण्याने त्यांची अंगे धुवायची. तिने बाजारातून काड्या आणल्या, उकळल्या, गाळून घेतलेल्या पाण्यात साबणाचा तुकडा विरघळवला. आधी तीनच रोपांवर निंबाच्या डहाळीने खालून शिंपडून पाहिले. दोन दिवसांत किडे मरून पानांना चिकटले; पाने जळली नाहीत. मग तोंडाला पदर बांधून तिने सगळा तुकडा शिंपला. आठवड्याने पुन्हा. फारच चुरडलेल्या पाच ओळी मात्र तिने स्वतःच्या हाताने उपटून लांब नेऊन जाळल्या. कळपातून दुखणाईत मेंढरू वेगळे काढताना व्हायचे तसे तिला झाले.

नव्या फुटीला सपाट, हिरवीगार पाने आली. कार्तिकात लाल मिरचीचा पहिला तोडा अंगणात पसरला. ग्यानबा दिवसभर शेजारी बसून कोंबड्या हाकलायचा, शिंकायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मिरची दाखवायचा, "हिनं वाचवली" म्हणायचा.

त्याच आठवड्यात किशनराव घरी आले. त्यांच्या मळ्यातली उशिरा लावलेली मिरची मुरडायला लागली होती. सवयीने ते ग्यानबाशी बोलू लागले, मधेच थांबले आणि तिच्याकडे वळले.

"म्हाळसाबाई, जरा आमचं रान बघता का?"

ती हात धुऊन निघाली. मळ्याला नुकतेच पाणी दिलेले होते. ओळीओळीने ती पुढे चालली, रोपापाशी वाकून पान उलटून बघत. किशनराव वहाणा हातात घेऊन मागून येत होते, तिचे पाऊल जिथे उमटले होते नेमके तिथेच पाऊल ठेवत.