'नवीन' फोल्डर

"भाऊ, माझा फोटो तुमच्या कम्प्युटरात काऊन आहे?"

मुर्रीच्या रस्त्यावरच्या आपल्या मोबाईलच्या दुकानात धनलाल एका फोनला स्क्रीनगार्ड चिकटवत होता. मान वर करून पाहतो तर काउंटरपाशी उदारामची ओमेश्वरी. अकरावीतली पोर, एरवी गाण्यांवरून त्याच्याशी हक्कानं भांडणारी. आज ओढणीचं टोक मुठीत आवळून उभी होती.

"कोणता फोटो, बाई?"

"कचारगडच्या जत्रेतला. राजदीपच्या खांद्यावर डोकं ठेवलं, तो. मी कोणाले पाठवला नाही, भाऊ. वर्गातले पोट्टे मलेच दाखवून राहिले. कुठून आला म्हटलं, तर म्हणे धनलालच्या दुकानातून, गाण्यांसंगं."

धनलालनं हातातला फोन बाजूला ठेवला. दोन हजार पंधराचं साल ते. नेट रडतरखडत चालायचं, एक गाणं उतरवायचं तर चहा पिऊन यावं. म्हणून त्यानं युक्ती काढली होती. मेमरी कार्डात गाणी भरायला कोणी आलं, की आधी त्याचं कार्ड अख्खंच्या अख्खं कम्प्युटरात ओढून घ्यायचं, 'नवीन' नावाच्या फोल्डरात. पुढच्या गिऱ्हाईकाला तेच फोल्डर भरून द्यायचं. गाण्यांसोबत आणखी काय येतं हे बघायला वेळ कोणाला होता! आणि हाच बाप्पा पोरांना फोन विकताना बजावायचा, अनोळखी माणसाला फोटो पाठवू नका रे, पासवर्ड सांगू नका. पोरीनं बिचारीनं सगळं पाळलं होतं.

त्यानं तिच्यादेखत फोटो पुसला.

"झालं?"

"झालं, बाई."

तिचा जीव भांड्यात पडला. धनलालचा कुठला पडायला! ते फोल्डर कितीजणांच्या खिशात गेलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटी लावली, गाणी फुकट. फुकट म्हटल्यावर काय विचारता! पार बिरसीपासून पोट्टे आले. धनलाल एकेक कार्ड घ्यायचा, आधी तो फोटो शोधून पुसायचा, मग गाणी भरायचा. जेवायलाही घरी जाईना. बायकोला वाटलं, धंद्याचं वेड लागलं. त्याला मात्र आशा वाटू लागली होती, की पोर यातून सुटेल.

मंगरू ऑटोवाला काउंटरला रेलून त्याची ही धडपड बघत होता. तो हसला.

"छोडो ना, भाऊ. त्या पोरीचाच फोटो पुसून राहिले ना? कायले? तो तर व्हॉट्सअपवर आहे. खाली तिच्या बापाचं नाव पण टाकलं कोणीतरी."

"पहिले कोणी टाकला?"

"काय माहीत? मलेच तीन ग्रुपातून आला."

धनलालनं पाटी काढून ठेवली.

पुढच्या आठवड्यात उदाराम आला. आता हा कॉलर धरणार, असं धनलालला वाटलं. धरावी असंही वाटलं. पण त्यानं पोरीचा फोन हळूच काउंटरवर ठेवला.

"हा विकून टाक. शाळा सोडवली तिची. बालाघाटले मामाकडं पाठवून देली."

"उदारामभाऊ, तिची काही चूक नाही. तो फोटो माझ्याच कम्प्युटरातून गेला. मीच वाटला."

"तू भला माणूस, म्हणून आपल्या अंगावर घेऊन राहिला," उदाराम म्हणाला. "फोटो तर तिनंच काढला ना? तूच एक समजावत होता पोरायले. आमच्याच पोरीनं ऐकलं नाही."

"तसं नाही, भाऊ. ऐका तरी—"

पण तो खाली मान घालून पायरी उतरला होता. गावात मान वर करून चालणं त्यानं सोडलंच होतं.

विकण्याआधी फोन रिकामा करायची रीत असते. धनलालनं कार्ड काढून कम्प्युटरला लावलं. जत्रेतला फोटो नव्हता. शाळेच्या गॅदरिंगमधला नव्हता, आईसोबतचा नव्हता. एक गाणंसुद्धा नव्हतं. जाण्याआधी पोरीनं स्वतःच सगळं पुसून टाकलं होतं.