दाराबाहेर उभी केलेली भागीरथी

मी एक जुनी पितळी सोंगटी आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून आधीच सांगते, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर दुसरीकडे जा.

माझा जन्म महाळुंग्यातल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. किसन टर्नर तिथे लेथवर काम करीत. एका ऑर्डरमधून पितळी रॉडचा अंगठ्याएवढा तुकडा उरला होता. मालकाला विचारून त्यांनी तो मशीनवर धरला, माझी कंबर आणि खांदे काढले, आणि चहाच्या सुट्टीत कानशीने घासून नाक, डोळे, वैमानिकाची टोपी आणि कपाळावरचा चष्मा कोरला. चित्र त्यांच्या मुलीने, मिनलने काढून दिले होते. ती चाकणच्या एका कंपनीत डिझाइनचे काम करते.

“मिने, चष्मा जमला का गं?” किसननी विचारले.

“जमला, पप्पा. पण ही पडेल. पाय बारीक झालेत.”

“पडत न्हाई. खाली वजन ठेवलंय.”

मिनलने माझ्या गळ्यात निळा रुमाल रंगवला आणि नाव ठेवले भागीरथी कांबळे. भागीरथी हे किसनच्या आईचे नाव. जालन्याकडच्या एका गावात त्या बाईचे आयुष्य लोकांच्या अंगणापलीकडे उभे राहण्यात गेले. पाणीसुद्धा तिला वरून ओतून मिळे. मिनल म्हणाली, “आजी खेळात तरी विमान चालवेल.”

आता खेळ कोणता ते सांगते. दर रविवारी दुपारी पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये चौघे जमत. मिनल, वर्षाली, धनेश आणि रविराज. टेबलावर नकाशा पसरायचा आणि सगळ्यांनी मिळून बोलत बोलत एक साहसकथा घडवायची. एक जण गोष्ट पुढे नेतो, संकटे आणि शत्रू उभे करतो. त्याला जीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र चालवतात आणि त्याची सोंगटी नकाशावर फिरवतात. मिनलची सोंगटी मी. उडी जमली की हुकली, गोळी लागली की चुकली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येकाकडे हिमतीचे लाल बिल्ले असतात. मरणाची वेळ आली की एक बिल्ला देऊन पुन्हा फासा टाकता येतो.

गोष्ट होती १९३४ सालातली. मुखवट्याआडचे खलनायक, जंगलात हरवलेली देवळे, चांदण्यावर चालणारे हवाई जहाज. परदेशातून मागवलेल्या नियमपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिले होते, की इतिहास आणि धमाल यांचे भांडण झाले तर धमालीची बाजू घ्यावी.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. मी वादळातून विमान काढले. मी धनेशच्या पात्राला धबधब्यावरून उचलले. वर्षाली मला तळहातावर घेऊन म्हणे, “काय सुरेख केलीय गं पप्पांनी!” घरी किसन दर रविवारी संध्याकाळी विचारत, आज भागीरथीने काय केले? आणि मिनल सगळे सांगे.

रविराज जीएम होता. नोकरी हिंजवडीला, आयटीत. घरी इतिहासाच्या पुस्तकांचे कपाट. बोलायला गोड. एका रविवारी आमची मंडळी एका संस्थानिकाच्या राजवाड्यापाशी पोचली. आत खजिन्याचा नकाशा होता. सगळ्यांच्या सोंगट्या दारातून आत गेल्या. मिनलने मला उचलले.

“तू नाही,” रविराज म्हणाला. “भागीरथी बाहेर थांबेल.”

“का?”

“अगं, १९३४ साल आहे. कांबळे आडनाव. राजवाड्यात सोडतील का? आणि खरं सांगू का, अशी बाई विमान तरी कुठली चालवायला? आतापर्यंत मी चालवून घेतलं. मी जात वगैरे मानत नाही हां, मी फक्त इतिहास सांगतोय.”

“तेव्हा आपल्याकडच्या बायकांनी विमानाचे परवाने काढले होते, रविराज. आणि चांदण्यावर चालणारं जहाज कुठल्या इतिहासात होतं?”

“ते वेगळं. ती गंमत आहे.”

धनेश मोबाइलमध्ये बघत होता. वर्षाली म्हणाली, “जाऊ दे ना मिनल, पुढं चल.”

आणि मी नकाशाच्या बाहेर, वेफर्सच्या पाकिटाशेजारी उभी राहिले. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही. आत तलवारी खणखणत होत्या, भिंती सरकत होत्या.  अखेर मिनलने सांगितले की भागीरथी मागच्या भिंतीवरून चढते. रविराज म्हणाला, पहारेकऱ्याने गोळी घातली, मेली. मिनलने फासा उचलला. “फासा कशाला? या अंतरावरून कोणी वाचत नाही,” रविराज म्हणाला. तिने हिमतीचा बिल्ला पुढे केला. त्याने तो बोटाने मागे सारला.

मिनल उठून गेली. रागाच्या भरात ती मला टेबलावरच विसरली.

क्लबहाऊसचे ते लोखंडी टेबल डुगडुगत असे. रविराजने मला उचलले, “हिचा आता काय उपयोग?” म्हणाला आणि टेबलाच्या पायाखाली आडवी सारली. वजन बरोबर माझ्या तोंडावर आले. चष्म्याची एक काच आत गेली, नाक सपाट झाले. दोन दिवसांनी मिनलने फोन करून माझी चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, “हरवली बहुतेक.” हे मला मागाहून कळले. घरी किसननी भागीरथीचे विचारले, तर शिफ्ट बदलल्यामुळे खेळायला जमत नाही असे तिने सांगितले. आपल्या हाताने घडवलेली आई मुलीने हरवली, हे बापाला कसे सांगणार?

मी पायाखाली पडून ऐकत होते. फासे वर घरंगळत, हशा पिके, आणि प्रत्येक हशाला टेबल माझ्यावर अजून थोडे टेकत असे. मित्रांनो, पितळ गंजत नाही, काळे पडते. मी काळी पडले. एकच इच्छा मनात राहिली. या माणसाला त्याचाच इतिहास एकदा पोटभर खायला मिळावा.

पावसाळा सरला. रविराजला कामामुळे गोष्ट रचायला वेळ मिळेना. वर्षाली म्हणाली, “मिनलला जीएम करू या का? मी विचारते.” वर्षालीच्या मनात काहीतरी बोचत असावे.

मिनल आली. तिचा आवाज ऐकून मी पायाखाली ताठ झाले.

“मी करते,” ती म्हणाली. “एकच अट. इतिहास काटेकोर पाळायचा.”

“वा!” रविराज खूश झाला. त्याने मोठ्या हौसेने आपले पात्र तयार केले. सरदार रणधीर, दोन पिस्तुले, जरीचा फेटा, चेहऱ्यावर वाराची खूण.

पहिल्याच रविवारी मुंबई बंदरात रणधीरची पिस्तुले जप्त झाली. परवाना नव्हता. दुसऱ्या रविवारी त्याने हवाई जहाज मागितले. “चांदण्यावर चालणारं काही नव्हतं,” मिनल म्हणाली, “बैलगाडी आहे.” तो बैलगाडीतून निघाला. खलनायक आगगाडीने पुढे गेला. वाटेत रणधीर ओढ्याचे पाणी प्यायला.

“विषमज्वर झाला,” मिनलने जाहीर केले.

“औषध घेतो.”

“त्यावरचं औषध अजून निघालेलं नाही.”

“हिमतीचा बिल्ला?”

“बिल्ला मरताना. अजून तू नुसता तापलायस.”

धनेश आणि वर्षालीला तिने काहीच त्रास दिला नाही. त्यांना फक्त समोर बसून बघायला लावले. मी पायाखाली सुखाने पडले होते. इतके सुख मला वादळातून विमान काढतानाही झाले नव्हते.

शेवटी रणधीर एका धर्मशाळेत निपचित पडला. रविराजच्या कपाळावर घाम होता. खेळातल्या माणसासाठी खराखुरा घाम येतो, मित्रांनो.

“विमान बोलाव,” तो म्हणाला. “भागीरथीला बोलाव.”

“ती मेली ना?”

“मी फासा टाकू दिला नव्हता. नियमानं ती मेलेली नाही.”

“सोंगटी कुठंय?”

 रविराज खुर्चीवरून खाली उतरला, गुडघ्यांवर बसला, एका हाताने टेबल उचलून धरले आणि मला बाहेर काढले. टेबल डुगडुगले. मिनलने माझा चेहरा पाहिला. वर्षालीच्या तोंडून “अरे देवा” निघाले. धनेशने मोबाइल उलटा ठेवला.

मिनलने मला ओढणीने पुसले आणि नकाशावर ठेवले. तिचा आवाज शांत होता. “विमान माळावर उतरतं. भागीरथी चालत धर्मशाळेत येते. तिच्याकडे उकळून गार केलेलं पाणी आहे. ती पेला पुढे धरते.”

“पितो.”

“थांब. रणधीर सरदार घराण्यातला. साल १९३४. तिच्या हातचं पाणी तो पिईल? तू इतिहास वाचतोस. तूच सांग.”

रविराजने नकाशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“पितो म्हटलं ना. इतिहास गेला खड्ड्यात.”

“माझ्या वेळेला का नाही गेला?”

 “सॉरी,” तो पुटपुटला.

“ते मला नको. फासा टाक. तुला फासा मिळेल.”

त्याने टाकला. कमी पडला. त्याने बिल्ला दिला, तिने तो रीतसर घेतला. पुन्हा टाकला. पुन्हा कमी. सरदार रणधीर मेला, आणि अगदी नियमाने मेला.

“झालं का आता समाधान?” वर्षालीने हळूच विचारले.

“माझं झालं,” मिनल म्हणाली आणि मला पर्समध्ये ठेवले.

माझे झाले नव्हते. त्याच संध्याकाळी मी किसनच्या हातात गेले. माझ्या चेपलेल्या चष्म्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. नुसते म्हणाले, “वजन तर टिकलंय.”

पुढच्या रविवारी रविराज आला. येणार नाही असे मला वाटले होते. म्हणाला, “मी हिला नीट करून आणतो. ओळखीचा कारागीर आहे.”

“नको,” मिनल म्हणाली. “अशीच राहू दे. नवं कोणी आलं आणि विचारलं, हिला काय झालं, तर तू सांगायचं.”

तर मित्रांनो, खेळ संपला की सोंगट्या उचलून डबीत ठेवत जा. आम्हाला टेबलाखाली टाकू नका आणि नकाशाबाहेरही उभ्या करू नका. नियम दाखवायचा असेल तर आधी तो स्वतःला लावून बघा. आमचा जीव अंगठ्याएवढा असतो, पण आम्ही धातूच्या आहोत. आम्हाला घाई नसते.

परवा विजयश्री नावाची नवी मुलगी खेळायला आली. तिने मला हातात घेतले. “अय्या, हिचं नाक कशानं चेपलं?”

“अपघात झाला होता,” रविराज म्हणाला.

मिनल फासे मांडत होती. तिने वर पाहिलेही नाही. “नीट सांग.”

रविराजने खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.