शपथेचा हात

"ठेव माह्या डोक्यावर हात अन सांग, पीयूषची मनगटं तू नाई मोडली!" वांग्यांची टोपली बाजूला ढकलून रुख्माबाई लेकासमोर मांडी ठोकून बसल्या.

धनंजयच्या तोंडचं पाणी पळालं. मळणीयंत्रात उजवा हात गेला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी शिरांना जोडून लोखंडी हात बसवला होता; मनात आलं की मूठ वळणारा. नाचणगावाच्या लेखी मात्र तो रबराचा, निर्जीव हात होता. बिचाऱ्या धनंजयला पाण्याचा पेलासुद्धा आई उचलून देई! आणि हाच बिचारा दुपट्ट्याने तोंड बांधून पुलगावच्या बाजारात बायकांच्या गळ्यातलं ओढणाऱ्या चोरांना धरायचा. लोक त्याला लोखंड्या म्हणत. त्याचं नाव फुटलं असतं, तर चोरांच्या टोळीने घर पेटवलं असतं.

पण मे महिन्यात आपल्याकडे तोंडाला दुपट्टा कोण बांधत नाही? परवा धरलेल्या चोराचंही तोंड बांधलेलं होतं. दोन्ही मनगटं एका मुठीत कडाडली, दुपट्टा सुटला आणि आत निघाला मावशीचा पीयूष! एका ताटात जेवलेला भाऊ. तेव्हापासून धनंजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"काऊन गप्प हायस? पीयूष म्हणे, त्या मानसाचा हात मशीनवानी कुरकुरे. तुहा बी झोपेत कुरकुरते. म्या आयकलं हाये."

धनंजयने डावा हात उचलला.

"डाव्या हातानं शपथ घेतेत काय? उजवा!"

त्याने उजवा उचलला. हा हात कुठे आपला? डॉक्टरांनी दिलेलं यंत्र. यंत्राची खोटी शपथ आईला कशी बाधेल? पण तिचे पिकलेले केस जवळ आले आणि त्याचा धीरच सुटला. खरंच आईला काही झालं तर? त्याला रडू फुटलं.

"मीच होतो, माय. ओयखलं नाई वं त्याले. आता मी काय करू, मले सांग!"

रुख्माबाई उठल्या, भाकर आणि भाजी डब्यात भरली आणि डबा त्याच्यापुढे ठेवला.

"जाय. त्याले चारून ये. याच हातानं."

"तो ओयखन मले. टोळीले सांगन."

"सांगू दे."

जामिनावर सुटलेला पीयूष मावशीच्या घरी खाटेवर बसला होता, दोन्ही हात प्लास्टरात. धनंजयने बाही वर सारली, लोखंडावरचा रबरी हातमोजा काढला. लोखंडी बोटांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि त्याच्या तोंडाजवळ नेला. पीयूष अंग चोरून भिंतीला टेकला. भाजीचा रस चादरीवर टपकत होता.

धनंजयने हात मागे घेतला नाही. बऱ्याच वेळाने पीयूषने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.