ब्रेकबाईंची चोरवाट

“पाय हलवू नका हो,” मोठे डॉक्टर म्हणाले आणि नर्सने ब्रेकबाईंचा उजवा पाय टेबलावर दाबून धरला. त्याच पायाच्या जांघेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत गेली होती, आणि बाईंनी नेमका तोच पाय दाबला होता. पडद्यावर बघत शिकाऊ डॉक्टरीण नळी पुढे सरकवत होती. ती जरा वेगात निघाली असं वाटलं आणि बाईंनी ब्रेक मारला. त्यांचं अर्धं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात गेलं होतं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक असे, आणि तो मारताना पाय डोक्याला विचारायला थांबत नसे.

बाईंनी माफी मागितली. तिचा वेग जास्त वाटला, असंही सांगून टाकलं.

“इथला ब्रेक माझ्याकडे आहे,” मोठे डॉक्टर म्हणाले. ते मात्र बाईंना पटलं.

गेली काही वर्षं त्यांना जिना चढताना धाप लागत होती. पहिल्या डॉक्टरांनी वयावर ढकललं, दुसऱ्यांनी मनावर. दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, दोन्ही लगेच मान्य केलं. बहिणीने परक्यांच्या शेजारी बसून ‘क्लच सोड, क्लच सोड’ करत हिंडावं हे त्याला कधीच रुचलं नव्हतं. पण बाई हट्टाला पेटल्या आणि तिसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही. ठोक्यांमागे एक अखंड घरघर होती. मग तपासण्या झाल्या आणि निघालं ते असं, की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला जन्मापासून एक चोरवाट होती. हृदयाच्या वाट्याचं रक्त परस्पर उजव्या कप्प्यात जाऊन पडत होतं. ती वाट छाती न उघडता, आतूनच तारेच्या वेटोळ्याने बुजवता येणार होती. बाईंना तिथेच रडू फुटलं, पण भीतीने नव्हे. आपल्याला खरंच काहीतरी झालंय, एवढंच त्यांना कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

आता चोरवाटेच्या तोंडाशी एक चिमुकला फुगा फुगवला गेला. वाट आधी तात्पुरती बंद करून हृदय कुरकुर करतंय का ते पाहायचं होतं. छातीत दुखतंय का, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते आणि बाई नाही म्हणत होत्या. मग तारेचं वेटोळं आत सुटलं, पाठोपाठ दुसरं सुटलं. थोडं झिरपतंय, पण तेही काही महिन्यांत आपोआप बुजेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुपारी दादा वॉर्डात आला तेव्हा बाई उताण्या होत्या. पाय सरळ, मान उचलायची नाही, हाताला सलाईन. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं दादाने ‘थोडं झिरपतंय’ तेवढंच उचललं होतं. तुझ्या विद्यार्थ्यांना फोन करून शिकवणी बंद झाल्याचं कळवलंय, आता गाडीलाही गिऱ्हाईक बघतो, असं तो मायेने म्हणाला.

बाईंना इतका संताप आला की शेजारचं ठोके मोजणारं यंत्र टुकटुकायला लागलं. नर्स येऊन बघून गेली.

“दादा, ज्यांना ज्यांना कळवलंस, त्यांना परत फोन लाव.”

“अगं, अंगात त्राण तरी आहे का तुझ्या?”

“त्राण नाही म्हणत होते, तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. आता आहे म्हणतेय, तेव्हा तरी ठेव. लाव फोन.”

दादाने फोन लावून बाईंच्या कानाशी धरला. पलीकडे एक आजी होत्या, साठीत स्टिअरिंग धरलेल्या. बाईंनी सांगितलं, शिकवणी बंद नाही, डॉक्टर परवानगी देतील त्या दिवशी सुरू. आजी थांबायला तयार झाल्या. त्यानंतरच्या मुलीने मात्र दुसऱ्या ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं होतं, आणि ती चाचरत माफी मागायला लागली.

“हरकत नाही गं,” बाई म्हणाल्या. “लेन बदलताना आरशात बघत जा म्हणजे झालं.”

दादाचा हात अवघडून फोन कानावरून घसरला होता.

“नीट धर,” बाई म्हणाल्या. “आणि पुढचा लाव.”

दादाने खुर्ची कॉटजवळ ओढली, बसला आणि पुढचा नंबर लावला.