चिंचेने घासलेली वजने

“विठाक्का, पुरे की आता. तोंड दिसायला लागलं त्यात.”

“दिसू दे. सरकारचं पितळ आहे हे, आपल्या घरचा तांब्या नव्हे,” विठाबाई म्हणाली आणि चिंचेचा गोळा राखेत बुडवून तिने पुढचे वजन उचलले.

खंडेनवमीचा दिवस होता. चिकपेटच्या गल्ल्यांतून सकाळपासून कोहळे फुटत होते. सायकली, हातगाड्या, शिंप्यांच्या कात्र्या, सगळ्यांच्या कपाळी कुंकू लागले होते. शाळेला सुट्टी होती, पण ज्याने त्याने आपल्या हत्याराची पूजा करायची तर सुट्टी आड येत नाही. शाळेची झाडूवाली गंगव्वा आपल्या झाडूला हळदकुंकू वाहून मोकळी झाली होती आणि प्रयोगशाळेमागच्या नळापाशी उभी राहून विठाबाईची गंमत बघत होती.

विठाबाई शिंप्यांच्या घरातली. तिचे पूर्वज म्हणे मराठी फौजेबरोबर तंबू शिवत बेंगळुरात आले आणि फौज परत गेली तरी इथेच राहिले. खरे-खोटे देव जाणे. मराठी त्यांच्या घरात तेवढी उरली होती, तीही कन्नडची फोडणी घालून. नवरा गेल्यावर विठाबाई काजे-बटणे करून दिवस काढत होती. अशात दिल्लीहून शाळेला विज्ञान शिकवण्यासाठी अनुदान मिळाले आणि त्या अनुदानात एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या पेटीतला एक तराजू आणि एक अटेंडर एवढे बसले. अटेंडर म्हणजे विठाबाई. सरकारी कागदावर ती त्या दोघांच्या खालोखाल होती, आणि खरे सांगायचे तर या पंगतीचा तिला फार अभिमान होता.

त्यात तिची कावेरी याच शाळेत दहावीला. विज्ञानाचे मास्तर बिंदुमाधव हे निपाणीकडचे, बोलायला फटकळ आणि मुलींच्या बाबतीत हळवे. त्यांनी विठाबाईला नीट समजावून सांगितले होते. दसऱ्यानंतर इन्स्पेक्टरसाहेब येणार. प्रयोगशाळा बघून ते खूश झाले तर अनुदान पुढे चालू राहील आणि विज्ञानाचा वरचा वर्ग इथेच, याच शाळेत उघडेल. तो वर्ग केलेल्या मुलींना जालहळ्ळीकडचे नवे सरकारी कारखाने बारीक कामासाठी शिकायला घेतात, विद्यावेतनही देतात. ते खूश झाले नाहीत तर कपाटाला कुलूप.

आणि कुलूप लागले तर कावेरीचे लग्न. तिचे काका आप्पाजी यांनी देवनहळ्ळीचे एक स्थळ हेरून ठेवले होते. शिलाईचे दुकान, स्वतःचे घर, मुलगा निर्व्यसनी. “वर्ग आपल्या गल्लीतल्या शाळेत निघाला तर शिकू दे,” असे त्यांनी चारचौघांत सांगितले होते. “पण लांबच्या कॉलेजात पोरांच्यात मी पाठवणार नाही. मग माघात उरकून टाकू. सरी?”

“सरी, भावजी,” विठाबाईने मान डोलावली होती. त्या दिवसापासून प्रयोगशाळेतली धूळ तिला जावेसारखी डोळ्यांसमोर नकोशी झाली. इन्स्पेक्टरसाहेबांना सगळे झळझळीत दिसले पाहिजे, एवढेच तिच्या डोक्यात होते. म्हणून तर आज ती चिंच घेऊन बसली होती.

दसरा झाला, शाळा उघडली. बिंदुमाधव मास्तरांनी वजनांची लाकडी पेटी उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली. आतून सोन्याची नाणी मांडल्यासारखा उजेड पडला होता.

“हे कुणी केलं?”

“मी केलं, मेष्ट्रु,” विठाबाई पदर सावरत पुढे झाली. “बरं झालंय की नाही?”

मास्तर स्टुलावर बसले. त्यांचा फटकळपणा कुठे गेला कोण जाणे.

“विठाबाई, या वजनांना आपण बोटसुद्धा लावत नाही. चिमट्यानं उचलतो. नेहमी बघता ना तुम्ही?”

“बोट नाही हो लावलं! फडक्यात धरून घासली.”

“कशानं?”

“चिंचेनं. मग स्वल्प राखेनं.”

“अहो, चिंचेबरोबर जे मोरीत वाहून गेलं, तेच तर वजन होतं! आता यातलं एकही खरं राहिलं नाही. दहाचं दहा नाही, विसाचं वीस नाही.”

विठाबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. कात्री घासली तर तिला धार येते, समई घासली तर ती उजळते. घासल्याने एखादी वस्तू खोटी होते हे तिने जन्मात ऐकले नव्हते. पण मास्तरांचा चेहरा तिने पाहिला. आपल्याच हातांनी आपण पोरीच्या वर्गाला कुलूप घातले, हे तिला पुरते समजले.

“माझं नाव सांगा साहेबांना,” ती म्हणाली. “मला काढू दे. वर्ग काढू नका म्हणावं.”

“तसं नसतं ते. मी जबाबदार आहे.” मास्तरांनी आवाज खाली आणला. “साहेब उद्या सकाळी येणार. ते काही वजन करून बघणार नाहीत. चकाकतंय ते बघतील, मान डोलावतील आणि जातील. आपण गप्प बसायचं. पुढचं पुढे.”

विठाबाईने लगेच होकार दिला. तिला हवे होते तेच मास्तर बोलले होते. पण दारात कावेरी दोन मैत्रिणींना घेऊन उभी होती आणि तिने सगळे ऐकले होते.

“पण सर, साहेबांनी आम्हाला वजन करायला लावलं तर? चुकीचं करून दाखवायचं?”

“तू मध्ये बोलू नकोस,” विठाबाई म्हणाली.

“अम्मा, स्वल्प थांब. सर, शंभर ग्रॅमचं तर शाबूत असेल ना? ते पेटीत नसतंच कधी.”

आता लाजायची पाळी मास्तरांची होती. शंभर ग्रॅमचे वजन गेले वर्षभर त्यांच्या टेबलावर, पंख्याने उडणाऱ्या कागदांवर बसलेले असे. मुलींना ‘हात लावाल तर खबरदार’ म्हणणाऱ्या मास्तरांनी हा गुन्हा रोज राजरोस केला होता. पण त्याच पापाने ते वजन चिंचेतून वाचले होते.

“मग त्याच्याशी बाकीची ताडून बघू या,” कावेरी म्हणाली. “कोणतं किती कमी झालंय ते कळलं, की तेवढं धरून चालायचं. तसं सांगून वजन केलं तर ते खोटं कसं?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. मग उठून त्यांनी काचेच्या पेटीचे दार वर सरकवले.

तो सगळा दिवस मुली तराजूभोवती होत्या. एका पारड्यात शंभराचे, दुसऱ्यात पन्नास आणि त्याच्या जोडीला धाकटी वजने. मग पन्नासाच्या समोर नुसती धाकटीच. काटा हलायचा थांबेपर्यंत सगळ्या श्वास रोखून धरत, मग तो किती कलला त्यावरून कमी किती ते काढत. विठाबाईने वाऱ्यासाठी उघडलेल्या खिडक्या त्यांनी बंद करायला लावल्या, पंखा बंद करायला लावला. तिने निमूटपणे केले. आतापर्यंत तो तराजू आठवड्यातून एकदा मास्तर स्वतः चालवून दाखवत आणि मुली लांबून बघत. आज मास्तर लांब उभे होते. संध्याकाळपर्यंत अख्खा फळा कावेरीच्या अक्षरांनी भरला.

विठाबाईला वाचता येत नव्हते. पण शिंप्याच्या घरात टेपवरचे आकडे लहानपणीच ओळखीचे होतात, आणि कावेरीचा पाच तर ती कुठेही ओळखली असती. त्याचे पोट जरा जास्तच सुटलेले असायचे. मुली गेल्यावर ती त्या फळ्यापुढे उभी राहिली. तिला आकडे ओळखता येत होते, हिशेब समजत नव्हता. एवढे मात्र कळत होते, की हे आपल्या लेकीच्या डोक्यातून निघाले आहे.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब वेळेच्या आधीच आले. शिपाई धापा टाकत सांगायला आला तेव्हा मुली जागेवर बसत होत्या. मास्तरांनी फळ्याकडे पाहिले आणि त्यांचा कालचा धीर सुटला.

“विठाबाई, फळा पुसा. लवकर!”

फळा पुसणे हे तर विठाबाईचे रोजचेच काम. तिने डस्टर उचलले, फळ्यापाशी गेली आणि हात वर केला. पुसला की संपले. पेटी झळझळीत आहे, साहेब खूश होतील, वर्ग निघेल, देवनहळ्ळी टळेल. तिच्यासमोर ते पोट सुटलेले पाच ओळीने उभे होते.

तिचा हात खाली आला. फळा तिने पुसला नाही.

“विठाबाई!” मास्तर दबक्या आवाजात ओरडले. तेवढ्यात साहेब आत आले.

साहेब कन्नडमधून बोलणारे, उंच आणि थकलेले गृहस्थ होते. त्यांनी पेटी पाहिली, सूक्ष्मदर्शक पाहिला, मान डोलावली. मग त्यांची नजर फळ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

“हे काय? अभ्यासक्रमात तर हे नाही.”

“एक प्रयोग आहे, साहेब,” मास्तर पुटपुटले.

“कशाचा?”

डस्टर हातात तसेच धरून विठाबाई पुढे आली.

“साहेब, वजनं मी घासली. पूजेला म्हणून, चिंचेनं. त्यात मेष्ट्रुंची चूक नाही, पोरींची नाही. किती झिजली ते पोरींनी काल शोधून काढलं. ते आहे हे.”

साहेबांनी चष्मा पुसला आणि फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग कावेरीकडे वळून विचारले, “सगळ्यांत जास्त कोणतं झिजलं?”

“विसाचं, सर.”

“विसाचंच का? मोठी वजनं आहेत की.”

कावेरीने आईकडे पाहिले.

“त्याच्यावर डाग होता, साहेब,” विठाबाई म्हणाली. “जाता जाईना. फार वेळ घासलं त्याला.”

साहेबांच्या मिशीत काहीतरी हलले. त्यांनी चिमट्याने ते विसाचे वजन उचलले आणि उजेडात धरले.

“या दौऱ्यात पुष्कळ तराजू बघितले मी,” ते मास्तरांना म्हणाले. “सगळे चकचकीत होते. बहुतेकांच्या कपाटाची किल्लीच सापडत नव्हती.” मग ते विठाबाईकडे वळले. “नवा संच मागवायला लिहितो. पण तुम्हाला ताकीद द्यावी लागेल, अम्मा. कागदावर.”

“द्या, साहेब. आणि वरच्या वर्गाचं?”

“तेही लिहितो.”

माघाच्या आधी हुकूम आला. आप्पाजींनी तो दोनदा वाचून घेतला, त्यात कुठे पळवाट आहे का ते पाहिले आणि शेवटी म्हणाले, “चारचौघांत बोललो ना मी, आता काय करणार? जाऊ दे शाळेला.” देवनहळ्ळीच्या मुलाला दुसरीकडची मुलगी मिळाली आणि तो सुखी झाला.

पुढच्या खंडेनवमीला विठाबाई हळदकुंकवाचे ताट घेऊन प्रयोगशाळेत आली. नवी पेटी आता कपाटात होती. जुनीही टाकली नव्हती. ‘ही ठेवा,’ असे साहेबच सांगून गेले होते. नव्याने येणाऱ्या मुली पहिला प्रयोग तिच्यावर करत, आणि आपले उत्तर कावेरीच्या आकड्यांशी जुळते का ते बघत. गंगव्वाने डोकावून पाहिले. वर्षभरात त्या वजनांवर पुन्हा मळकट छटा चढली होती.

“विठाक्का, काळी पडली की गं. चिंच आणू?”

विठाबाईच्या घरात पितळेचा एक चमचा कधी काळा राहिला नव्हता. तिची बोटे क्षणभर शिवशिवली.

“नको,” ती म्हणाली. “पोरींनी मोजलीत ती.”

तिने अलगद झाकण लावले आणि त्या लाकडावर कुंकवाचे एक बोट टेकवले.