एक लिटर, लिंबायत ते सचिन

मी फियाट बोलतेय. एकोणीसशे चौसष्ट सालची. सुरतेच्या लिंबायत भागात, आमच्या गल्लीत, लोक मला ‘पेट्रोलपिणी’ म्हणतात. पोरंसोरं म्हणतात ते एक वेळ चालेल, पण ज्यांच्या वराती माझ्यातून निघाल्या तेही म्हणतात. आज मी गप्प बसणार नाही. माझ्यावर आळ कसा आला आणि पुढे काय झालं ते ऐका, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

माझा जन्म मुंबईचा, कुर्ल्याच्या कारखान्यातला. रंग फिकट निळा, गिअरचा दांडा स्टिअरिंगला जोडलेला. सुरतेत मला आणलं मगनभाईंनी. नानपुऱ्यातले सुताचे व्यापारी ते, मागांचा कारखानाही होता. माणूस शिस्तीचा. दर शनिवारी चाकांतली हवा तपासायचे. रेल्वेचं फाटक बंद दिसलं की इंजिनही बंद. ड्रायव्हरने घाई केली तर म्हणायचे, “गाडीने दोडावाय नहीं, चलावाय.” म्हणजे गाडी पळवायची नाही, चालवायची. त्यांच्या हाती मी लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर सहज जायचे. ही फुशारकी नाही. साक्ष आहे.

मगनभाई गेले. त्यांच्या मुलांनी नवी गाडी घेतली आणि मला गोदामात कापडाच्या गाठींमागे ढकललं. अकरा वर्षं मी तिथेच होते. मागच्या सीटवर मांजरी व्यायल्या, टायर बसले, काचांवर बोटभर धूळ साचली.

त्या धुळीवरून हात फिरवणारा एकच माणूस होता, हिलाल. अमळनेरकडचा. मगनभाईंच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचा. गोदामात आला की माझ्यापाशी थांबायचा. एके दिवशी त्याने मालकांना सरळ विचारलं, “ही मला देता का?” मुलं हसली. “ले जाओ हिलालभाई, जगह तो खाली होगी!”

टेम्पोला दोर बांधून त्याने मला लिंबायतला आणलं. सगळी गल्ली हसली. महिनाभर हिलाल कामावरून आला की माझ्याखाली शिरायचा. महिन्याने मी सुरू झाले, तेव्हा हसणारेच धावत आले आणि आधी कोण बसणार यावरून भांडले.

पुढची वीस वर्षं मी गल्लीची होते. नवऱ्या आणल्या, बाळंतिणी नेल्या, सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या कारखान्यांतून जखमी कामगार दवाखान्यात पोचवले. तेव्हा कुणी माझं पेट्रोल मोजलं नाही.

मग हिलालच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही धूसर झालं. एक दिवस त्याने माझी किल्ली मुलाच्या, भूपेंद्रच्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसायला लागला.

भूपेंद्र वाईट नाही. तो गॅसवरची रिक्षा चालवतो, घर चालवतो. पण त्याला दिवसभर हँडल पिळायची सवय. माझ्यात बसला की डावा पाय क्लचवरच टेकलेला. लवकर सुरू व्हावी म्हणून जादा पेट्रोल सोडणारा चोक अर्धा ओढून ठेवायचा आणि तसाच विसरायचा. त्यात पेट्रोलही बदललं. आता त्यात इथेनॉल मिसळलेलं असतं, ते माझ्या जुन्या रबरी नळीला सोसेना. नळी मऊ पडली, झिरपू लागली. ब्रेक गंजून चाकांना चिकटले. मी आवळलेल्या चाकांनी धावत होते आणि लोक म्हणत होते, म्हातारी फार पिते!

“आबा, सात देते ही. लिटरला सात!” भूपेंद्र एका रविवारी म्हणाला. “वर माझ्या रिक्षेची जागा अडवते. परवा रिक्षा लांब लावली तर बॅटरीच चोरीला गेली. किती दिवस ठेवायची हिला?”

हिलाल काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याला भूपेंद्रने होकार मानलं.

पुढच्याच आठवड्यात भंगारवाला चार माणसं घेऊन दारात आला. हिलाल ओट्यावर बसून होता. हात गुडघ्यांवर, तोंड माझ्या दिशेला. मला किती दिसत होतं ते सोडा, त्याला मी दिसत नव्हते, तरी तो बरोबर माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, संपलं.

चौघांनी मला ढकललं. मी हलले नाही. पुन्हा ढकललं. जेमतेम वीतभर सरकले आणि थांबले.

“थांबा!” घरातून जयश्री बाहेर आली. जयश्री म्हणजे भूपेंद्रची बायको. सचिनच्या एका कारखान्यात ती मागांवर काम करते. कोणता माग जड चाललाय हे ती आवाजावरून सांगते. “गिअर काढलाय?”

“काढलाय,” भूपेंद्र म्हणाला.

“हँडब्रेक?”

“तोही सोडलाय.”

“मग चार माणसांना हलत नाही, तिला इंजिन एकटं कसं ओढत असेल?” ती खाली वाकली, माझ्या पोटाखाली हात घातला, बोटं नाकाशी नेली. “आणि हे पेट्रोल आहे. इथे जमिनीवर. टाकीतलं तुम्ही हिशोबात धरता, जमिनीवरचं कोण धरणार?”

तेव्हा ओट्यावरून हिलाल बोलला. तो घरात अहिराणीच बोलतो. “भूपेंद्र, गाडी पेस नही. गाडी सांडस.” मग म्हणाला, “मनी नजर गयी, कान नही. वरीसभर ऐकी ऱ्हायनू, चाकं घासातंस.”

“मग सांगितलं का नाही आबा?”

“तू इचारं नही.”

भूपेंद्र चिडला. गल्लीसमोर चिडला. “ठीक आहे! आठ दिवस देतो. एका लिटरात हिने सचिन गाठलं तर पुन्हा भंगाराचं नाव काढणार नाही. नाही गाठलं तर तिथूनच टेम्पोत.”

भंगारवाला हसत निघून गेला. आठ दिवसांनी येतो म्हणाला.

त्या आठ दिवसांत सून डोळे झाली आणि सासरा हात. ती नट दाखवायची, तो बोटांनी चाचपून म्हणायचा, “हाऊच.” नळ्या बदलल्या. ब्रेक खोलून घासले, चाकं बोटाने फिरू लागली. कार्बुरेटर उघडला तर जेटमध्ये कचरा, चोकची पट्टी अडकलेली. टायरात हवा भरली. माझ्यात नवं असं फारसं काही घातलं नाही. मला फक्त मोकळं केलं.

रविवारी सकाळी माझ्या बॉनेटखाली एक लिटर पेट्रोलची बाटली घट्ट बांधली, पंपाची नळी टाकीऐवजी तिच्यात सोडली. भूपेंद्र म्हणाला, “चालवणार मीच. मागाहून कुणी काही म्हणायला नको.” हिलाल शेजारी बसला, जयश्री मागे. साधारण चौदा किलोमीटरचा रस्ता.

उधना पार केलं. भेस्तानला ट्रकांची रांग लागली आणि भूपेंद्रच्या अंगात रिक्षा संचारली. दुसऱ्या गिअरमध्ये घुर्र घुर्र, पाय क्लचवर. हिलालने न बघता हात लांब केला आणि मुलाच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला.

“पाय काढ.”

भूपेंद्रने बापाकडे पाहिलं. पाय काढला. पुढची गाडी सरकली तरी त्याने घाई केली नाही. मी टॉप गिअरमध्ये पडले आणि कित्येक वर्षांनी माझा आवाज मला ओळखू आला.

सचिनचा नाका आला, मी चालत होते. जयश्रीच्या कारखान्याचं फाटक आलं. भूपेंद्र म्हणाला, “आलं,” पण थांबला नाही. फाटक मागे पडलं. दीड किलोमीटर पुढे, एका चहाच्या टपरीसमोर, मी दोनदा खोकले आणि शांत झाले.

भूपेंद्र उतरला. बॉनेट उघडून त्याने कोरडी बाटली सोडवली. मग जयश्रीला म्हणाला, “दुसरी बाटली आणलीस ना?”

“आणली.”

“आणि येत्या रविवारपासून आबांकडून गाडी शीक. तुझा कान चांगला आहे. मी रिक्षाच बिघडवली नाही म्हणजे झालं.”

हिलाल टपरीच्या बाकावर बसून हसत होता. चहा सांडला त्याचा.

आता मला जयश्री चालवते. परवा उधन्याच्या सिग्नलला शेजारी एक भली मोठी, काळी, नवी कोरी गाडी थांबली. काच खाली झाली. “बेन, आ डबलुं एवरेज केटली आपे?” चालवणाऱ्याने हसत विचारलं. डबलुं म्हणजे डबडं, म्हणजे मी.

“पंदर,” जयश्री म्हणाली. “ने तमारी?”

त्याने समोरच्या पडद्यावरचा आकडा बघितला. काच वर गेली.

मी खोटं बोलणार नाही. रिक्षेपेक्षा मला इंधन जास्त लागतं, आणि माझा धूर कुणाला आवडावा असंही मी म्हणत नाही. पण साठ वर्षांच्या बाईला एकदाही नीट न तपासता खादाड ठरवू नका. तुमच्याही दारात एखादी उभी असेल. तिच्यापाशी जा, वाका, कान द्या. एवढंच मागते, आणि हेही हात जोडून मागत नाही.

चला, सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवतायत, वाजवू देत. मी माझ्या चालीने जाणार.